मेस्त्रींना विचारा : बर्किनची गत

गेल्या अंकात, चोर्ला घाटातून नेहमी गोव्याला जा-ये करणाऱ्या एका वाचकाने विचारलं होतं, गाडीतलं काय काय उतरवून ठेवलं तर ॲव्हरेज वाढेल? मी लिहिलं, वाटेल ते उतरवा, पण स्टेपनी आणि जॅक उतरवू नका, नाहीतर बर्किनची गत होईल. त्या एका ओळीने पोस्टमनला कामाला लावलं. डिझेल पंप, क्लच प्लेट आणि ‘सकाळी गाडी स्टार्ट होत नाही’ ही नेहमीची मंडळी पुढच्या अंकापर्यंत थांबतील. या वेळी फक्त बर्किन.

निपाणीहून एक तंबाखू व्यापारी : मेस्त्री, तुमचं सदर आमच्या वखारीत मोठ्याने वाचलं जातं. बर्किन कोण ते कुणालाच सांगता आलं नाही. एकाने तर तो कागलचा जुना ड्रायव्हर असं ठोकून दिलं. त्याची नेमकी काय गत झाली?

कागलचा नाही, नॉटिंगहमचा. सर हेन्री बर्किन, जन्म १८९६. सगळे त्याला ‘टिम’ म्हणत. अंगाने बारीक, बोलताना अडखळणारा, गळ्यात निळ्यावर पांढरे ठिपके असलेला रेशमी स्कार्फ. पहिल्या महायुद्धात विमानदलात होता, पॅलेस्टाइनमध्ये. तिथून मलेरिया घेऊन आला. तो मलेरिया लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

जॅकची गोष्ट १९२८ची. फ्रान्समध्ये ल माँ नावाचं गाव आहे. तिथे रहदारीचे रस्ते बंद करून चोवीस तासांची शर्यत होते. एका गाडीला त्या काळी दोन ड्रायव्हर असत, आळीपाळीने चालवायची, चोवीस तासांत जी गाडी जास्त अंतर तोडेल ती जिंकली. बर्किन साडेचार लिटरच्या बेंटलीवर होता आणि जोडीला जाँ शासान्य नावाचा फ्रेंच गडी, बर्किनपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. वजन कमी म्हणून जॅक गाडीत ठेवलाच नव्हता. शर्यत रंगात असताना मागचा टायर फुटला. जॅक नाही म्हणजे चाक बदलता येत नाही. बर्किनने नुसत्या रिमवर गाडी पुढे रेटली, चाक पार गेलं आणि गाडी खड्ड्यात जाऊन बसली. मग साहेब पळत निघाले पिटकडे, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागेकडे. तिथे पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. शासान्यने काही विचारलं नाही, जॅक उचलले आणि तो उलटा पळत सुटला, गाडीपाशी जाऊन चाक बदललं आणि गाडी चालवत घेऊन आला.

एवढं सगळं होऊनही ते पाचवे आले. आणि शेवटच्या फेरीत बर्किनने त्या शर्यतीतली सर्वात जलद फेरी मारली. यात त्या माणसाचा सगळा स्वभाव आला. जॅकचं वजन किती, आणि त्याने किती वेळ वाचणार होता? पण त्याला एक फेरी दिसत होती, चोवीस तास दिसत नव्हते.

खानापूरहून एक निवृत्त शिक्षक : मेस्त्री, नमस्कार. असले सर आणि लॉर्ड लोक बापाच्या पैशावर गाड्या उडवत. त्यात कर्तृत्व ते काय? आमच्या मुलांना असली उदाहरणं का द्यावीत?

गुरुजी, पैसा बापाचाच होता, आजोबांपासूनचा. नॉटिंगहम म्हणजे लेसचं गाव. बायकांच्या झग्यांना आणि पडद्यांना लावायची ती जाळीदार लेस तिथे यंत्रांवर विणली जायची, आणि बर्किन घराणं त्या धंद्यातलं बडं प्रस्थ. आजोबांना सरदारकी मिळाली होती. मागावर बसणाऱ्याला काय मिळतं आणि माल विकणाऱ्याला काय मिळतं, हे शहापूर-वडगावच्या विणकर लोकांना मी सांगायला नको. बर्किन दुसऱ्या बाजूचा.

पण घरच्यांनी त्याला मोकळं सोडलं होतं असंही नाही. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर त्याने डी.एफ.पी. नावाची फ्रेंच गाडी चालवली आणि लगेच घरच्या धंद्यात जुंपला गेला. पुढची काही वर्षं रेसिंग बंद. परत आला तो थेट १९२७ साली, तिशी ओलांडल्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ आर्ची ‘आइल ऑफ मॅन’ बेटावर मोटरसायकल शर्यतीच्या सरावात जिवाला मुकला. सरावाला रस्ते बंद करत नसत. समोरून मासे वाहणारी गाडी आली, तिला चुकवताना आर्ची आपटला. दुसऱ्या वर्षापासून तिथे सरावालाही रस्ते बंद करू लागले. त्या वळणाला अजून बर्किनचंच नाव आहे, पण ते या भावाचं.

भाऊ गेल्यावर दुसरा एखादा सोडून देता. हा जास्तच शिरला. बायकोशी १९२८ मध्ये काडीमोड झाला. स्वतःचा वाटा त्याने गाड्यांत घातला, वेल्विनला वर्कशॉप काढलं, कारागीर ठेवले, आणि पैसा संपला. मग डोरोथी पॅजेट नावाची एक श्रीमंत बाई पाठीशी उभी राहिली. ती मुळात घोड्यांची शौकीन. तिचा ‘गोल्डन मिलर’ हा घोडा पुढे चेल्टनहॅमचा गोल्ड कप ओळीने पाच वर्षं जिंकला, १९३२ ते १९३६. बर्किनवर लावलेला पैसा मात्र तिला असा फळला नाही, आणि १९३०च्या शेवटी तिने हात काढून घेतला.

कर्तृत्व म्हणाल तर, गुरुजी, असे पैसेवाले तेव्हा इंग्लंडमध्ये ढिगाने होते. पावसात, मातीच्या कडा असलेल्या रस्त्यावर, रात्री कार्बनच्या काजळीने भरलेल्या तोंडाने तासन्‌तास दोन टनांची गाडी ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुलांना उदाहरण द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला तो माणूस आवडतो आणि त्याच्या हाताखाली काम करायला मात्र मी गेलो नसतो.

बेळगावहून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी : काका, बर्किनबद्दल शोधलं तेव्हा सगळीकडे ‘ब्लोअर बेंटली’ दिसते. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डब्यासारखं काय आहे ते? आणि गाडी बनवणाऱ्या डब्ल्यू. ओ. बेंटलींचाच त्याला विरोध होता असं वाचलं. दोघांत बरोबर कोण?

पोरी, हा प्रश्न वाचून मला कामावरचे दिवस आठवले. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या शेडमध्ये यावर जेवणाच्या सुट्टीत भांडणं व्हायची, बर्किनवरून नव्हे, पण मुद्दा हाच.

तो डबा म्हणजे सुपरचार्जर, त्यालाच ब्लोअर म्हणतात. लोहाराच्या भट्टीला भाता असतो ना, तसा हा इंजिनचा भाता. आत इंग्रजी आठच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न लागता फिरतात आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून आत ढकलतात. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढी घेतं. याला जबरदस्तीने भरवायचं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. ॲमहर्स्ट व्हिलियर्स नावाच्या इंजिनिअरने तो बनवला. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरूनच त्याला फिरवायचा म्हणून तो रेडिएटरच्या पुढे, चासीच्या दोन शिंगांच्या मध्ये आला. कार्ब्युरेटरही तिथेच बाजूला लटकवलेले.

आता आकडे. इंजिन चार सिलिंडरचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १४० मिलिमीटर. गुणाकार तू करशीलच, ४३९८ सीसी येतात. एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तेही त्या काळात. साध्या इंजिनची ताकद ११० हॉर्सपॉवर. ब्लोअर लावून रस्त्यावरच्या गाडीला १७५, आणि शर्यतीच्या गाडीला २४०च्या आसपास. त्याच ब्लॉकमधून दुप्पट.

बेंटलीसाहेब रेल्वेतून शिकून आलेला माणूस, डॉन्कास्टरच्या लोको वर्कशॉपमध्ये त्याने उमेदवारी केली होती. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले लोक आमच्याकडे यायचे, त्यांचंही हेच म्हणणं असायचं, ताकद पाहिजे तर इंजिन मोठं करा, आहे त्याला पिळू नका. बेंटलीने साडेसहा लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढलं, ‘स्पीड सिक्स’. सुपरचार्जर लावणं म्हणजे आपल्या इंजिनची रचनाच बिघडवणं, असं त्याचं ठाम मत. पण कंपनीचा मालक तो उरला नव्हता. पैसा वुल्फ बार्नाटोचा होता. बार्नाटोच्या बापाने किंबर्लीच्या हिऱ्यांत कमावलं होतं, पोरगा सरे काउंटीकडून यष्टिरक्षण करायचा आणि तीन वेळा ल माँला उतरून तिन्ही वेळा जिंकला. बर्किनने त्याला गळ घातली. बार्नाटो हो म्हणाला. ल माँला गाडी उतरवायची तर विक्रीसाठी पन्नास गाड्या बनवाव्या लागणार होत्या, त्याही कंपनीने बनवल्या. बेंटलीच्या कारखान्यात, बेंटलीच्या नावाने, बेंटलीला नको असलेली गाडी.

आणि मग मला फार आवडणारी गोष्ट. ऑगस्ट १९२९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या रस्त्यांवर टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत झाली, तेव्हा बर्किनच्या ब्लोअरमध्ये शेजारच्या सीटवर मेकॅनिक म्हणून बसला कोण? स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली. चाळिशीला टेकलेला माणूस, ज्या मशीनला नावं ठेवली तिच्याच बाजूला बसून तिचा आवाज ऐकत गेला. मला वाटतं खरा कारागीर तोच.

बरोबर कोण, ते बघ आता. ब्लोअर एकही मोठी शर्यत जिंकली नाही. जास्त मिश्रण जाळलं की जास्त उष्णता निघते, ती पिस्टनला, व्हॉल्व्हला, प्लगला सोसावी लागते. बेअरिंगवर भार वाढतो. पुढच्या टोकाला वजन लटकतं, गाडी वळणात तोंड फिरवायला कुरकुरते. पेट्रोल तर ती पीतच नव्हती, ओतत होती. उलट स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ल माँ जिंकली. १९२९ला तर पहिले चार नंबर बेंटलीचे, आणि पहिल्या गाडीत बार्नाटोच्या जोडीला होता आपला बर्किनच. ब्लोअर वेळेत तयार झाली नव्हती म्हणून तो बेंटलीसाहेबाच्या आवडत्या गाडीत बसला आणि जिंकला!

म्हणजे बेंटली बरोबर? थांब. बर्किनने ल माँ दुसऱ्यांदा जिंकली ती १९३१ साली, अर्ल हाऊच्या जोडीने, इटालियन अल्फा रोमिओ गाडीवर. चोवीस तासांत ३,००० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो त्यांनी. ती गाडी होती फक्त २.३ लिटरची. आणि तिला सुपरचार्जर होता. व्हित्तोरियो यानोने ते इंजिन कागदावर काढतानाच सुपरचार्जर धरून काढलं होतं, आठ लहान सिलिंडर, सगळे भाग त्या भाराच्या हिशेबाने. व्हिलियर्सला मात्र दुसऱ्याने वेगळ्या विचाराने केलेलं इंजिन मिळालं, आणि त्याच्या नाकाला भाता बांधावा लागला. त्यानेही क्रँक आणि इतर भाग मजबूत करायला लावले होते, पण पाया दुसऱ्याचाच. परीक्षेत सुपरचार्जरचे फायदे-तोटे विचारतील तेव्हा पाठ केलेलं लिही. कामाला लागशील तेव्हा ही दोन इंजिनं शेजारी ठेवून बघ.

येळ्ळूरहून एक तरुण वाचक : काका, माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे. तिला सुपरचार्जर बसवून देता काय? खर्चाचं बघू.

नाही.

कारण विचारशीलच म्हणून सांगतो. तुझं इंजिन एका सिलिंडरचं. ते दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, आणि ब्लोअर सतत फुंकत असतो. मधल्या वेळात दाबलेली हवा ठेवायला मोठी टाकी लागेल. हेड हवेने थंड होणारं, खानापूर रोडच्या सिग्नलला उभा राहिलास की पिस्टन जाम होईल. शिवाय इंजिनात असला बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोंड फिरवेल. त्या पैशात टायर नवे घाल, ब्रेक नीट करून घे, उरले तर आईला दे.

चिकोडी तालुक्यातून एक बैलगाडी-शर्यतीचे शौकीन : मेस्त्री, असं ऐकलं की १९३०च्या शर्यतीत बर्किनला मुद्दाम पुढे सोडून जर्मन गाडीला दमवलं. गडी स्वतः हरला आणि मालकाला जिंकवलं. खरं काय?

दमवलं हे खरं. मुद्दाम की कसं, यावर इंग्लंडमध्ये अजून दोन तट आहेत.

त्या वर्षी ल माँला बेंटलीच्या समोर एकच मोठा शत्रू होता, रुडॉल्फ काराचिओलाची मर्सिडीज एसएसके, सात लिटरची. तिलाही सुपरचार्जर, पण वेगळ्या तऱ्हेचा. ॲक्सिलरेटर तळाला दाबला की तेवढ्यापुरता तो जोडला जायचा, आणि त्याची किंकाळी मैलभर ऐकू यायची. सतत वापरला तर इंजिन टिकणार नाही हे जर्मनांना माहीत होतं. त्यामुळे मर्सिडीजला सतत किंचाळायला लावणं, हाच तिला हरवायचा रस्ता.

बर्किन ब्लोअर घेऊन सुरुवातीलाच तिच्या मागे लागला. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर त्याच्या मागच्या टायरचा थर सुटायला लागलेला, आणि हा बाजूच्या गवतात दोन चाकं घालून काराचिओलाला ओलांडून गेला. पुढे टायरच्या चिंध्या झाल्या, पिटला यावं लागलं, नवा टायर घालून परत तेच. सोळा किलोमीटरच्या वर असलेली फेरी त्याने ६ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. रस्ता साधा, टायर तेव्हाचे, सरासरी ताशी १४४ किलोमीटर. पुढे बार्नाटोच्या स्पीड सिक्सने तो पाठलाग चालू ठेवला आणि रात्री मर्सिडीज बंद पडली. दोन्ही ब्लोअरही बंद पडल्या. बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन जिंकले, दुसरा नंबरही स्पीड सिक्सचाच.

तुम्ही म्हणता तसं ठरवून केलं असेल, तर ब्लोअरचा संघ बार्नाटोचा नव्हता, पॅजेटबाईचा होता. बाईने आपले पैसे घालून दुसऱ्याच्या विजयासाठी गाड्या मोडायला दिल्या असतील हे मला पटत नाही. माझं म्हणणं असं की बर्किनला सांगावं लागलंच नसेल. समोर मर्सिडीज दिसली की तो तसाच चालवणार. बार्नाटोने ते ओळखलं आणि आपली गाडी जपून ठेवली. शर्यतीत मालकाची हुशारी म्हणतात ती ही.

त्याच वर्षी सप्टेंबरात पो गावी फ्रेंच ग्रां प्री झाली. त्यात हलक्याफुलक्या बुगाटी गाड्या. बर्किन तिथे ब्लोअर घेऊन गेला. चार माणसं बसायची ती गाडी, दिवे आणि मडगार्ड काढलेली, इतरांच्या मानाने अवाढव्य. ‘जगातले सर्वात वेगवान ट्रक’ असं बेंटलीच्या गाड्यांना एत्तोर बुगाटी म्हणत असे, अशी दंतकथा आहे. त्या ट्रकमधून बर्किन दुसरा आला, एतांसलँच्या बुगाटीच्या मागे, बाकीच्या बुगाटी त्याच्या मागे. हॉर्न वाजवून बाजूला सारत होता, असंही सांगतात. ब्लोअरच्या नावावरचा सर्वात मोठा निकाल कुठला म्हणाल तर हा दुसरा नंबर.

संकेश्वरहून एक सिस्टर (पत्र कन्नडमध्ये होतं, सारांश देतो) : मेस्त्री अण्णा, बर्किन सायलेन्सरला भाजून मेला असं माझा मुलगा सांगतो. एवढ्याशा भाजण्याने माणूस कसा मरेल? आमच्याकडे तर रोज मोटरसायकलच्या सायलेन्सरला पोटरी भाजलेली मुलं येतात.

सिस्टर, मुलगा बरोबर सांगतो, पण गोष्ट तेवढीच नाही.

७ मे १९३३, लिबियातलं त्रिपोली, तेव्हा इटलीच्या ताब्यातलं. तिथल्या शर्यतीत बर्किन बर्नार्ड रुबिन या मित्राची मसेराती चालवत होता. वार्झी पहिला, नुवोलारी दुसरा, बर्किन तिसरा. म्हणजे त्या काळच्या दोन सर्वात मोठ्या ड्रायव्हरांच्या मागोमाग. मधे पिटला गाडी थांबली असताना तो लायटर की सिगारेट घ्यायला वाकला आणि हात तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला टेकला. बाहेरच्या अंगाला पाइप असतात त्या गाड्यांना, उघडे. त्याने लक्ष दिलं नाही. इंग्लंडला परतला, जखम चिघळली, आणि त्यात युद्धातला जुना मलेरिया उलटला. २२ जूनला लंडनच्या एका नर्सिंग होममध्ये वारला. वय ३६. जखमेच्या विषाने गेला की मलेरियाने, यावर मतं दोन आहेत. तुमच्यासारख्या अनुभवी बाईला दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते ठाऊक असणार.

हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लंडनमध्येच, सेंट मेरी हॉस्पिटलात, अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली पेनिसिलिन सापडलेलं होतं. १९२९ला त्याने ते छापलंही. पण बुरशीतून औषध काढून माणसाला टोचता येईपर्यंत दुसरं महायुद्ध उजाडलं. बर्किनच्या बेंटलीवाल्या दोस्तांत डडली बेंजाफील्ड होता, ल माँ जिंकलेला, आणि धंद्याने डॉक्टर, त्यातही जंतुशास्त्राचा जाणकार. एवढा माणूस ओळखीचा असून औषधच नाही तर तो तरी काय करणार?

पोटरी भाजलेल्या मुलांच्या आयांना माझ्याकडूनही सांगा, टूथपेस्ट आणि शाई लावू नका, नळाचं पाणी सोडा पंधरा-वीस मिनिटं. आमच्या कामात हे आम्हाला उशिरा कळलं, आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातावर त्याच्या खुणा आहेत.

टिळकवाडीहून एक गृहिणी : माझे यजमान जुन्या गाड्यांच्या नादात घर विसरतात. बर्किनच्या त्या गाड्या आता कुठे आहेत, आणि किती किमतीला जातात? त्यांना सांगून गप्प करायचं आहे.

वहिनी, किंमत ऐकून गप्प बसतील, पण नाद सुटेल असं नाही.

एक गाडी सांगतो. बर्किनने एका ब्लोअरला नुसत्या एका माणसाची बॉडी बसवून घेतली होती, लाल रंगाची, ब्रुकलंड्सच्या ट्रॅकसाठी. ब्रुकलंड्स हा १९०७ साली बांधलेला काँक्रीटचा ट्रॅक, वळणांना दोन-तीन मजली उंच उतार, आणि काँक्रीट बसल्यामुळे इतका उंचसखल की गाड्या अक्षरशः उडायच्या. बर्किनला तो ट्रॅक मुळीच आवडायचा नाही आणि हे तो उघड बोलायचा. त्याच ट्रॅकवर २४ मार्च १९३२ रोजी त्याने या लाल गाडीतून ताशी १३७.९६ मैलांनी, म्हणजे २२२ किलोमीटरने फेरी मारून विक्रम केला. तो दोन वर्षं टिकला, मग जॉन कॉबने मोडला. बेंटली कंपनी तोवर बुडाली होती, १९३१ साली रोल्स-रॉइसने ती घेतली.

ती लाल गाडी नंतर जॉर्ज डॅनियल्स नावाच्या नामांकित घड्याळजीकडे होती. हाताने एकेक घड्याळ बनवणारा माणूस, आणि त्याच्या शेडमध्ये ही राक्षसीण. तो गेल्यावर २०१२ साली लिलाव झाला, पन्नास लाख पौंडांच्या वर गेली. रुपयांत यजमानांनाच करू द्या.

आता बेंटली कंपनीने बर्किनच्या संघातली मूळ एक गाडी पूर्ण सुटी करून, भागन्‌भाग मोजून, तशाच हुबेहूब बारा नव्या गाड्या बनवल्या आहेत. जुन्या पद्धतीने बडवलेले पत्रे, नव्याने केलेलं कास्टिंग, पुढे तोच भाता. फोटो पाहून मी एकच गोष्ट शोधली, कास्टिंगवरची साल, म्हणजे ओतीव भागाचा वरचा पृष्ठभाग. चांगली आहे. उद्यमबागेत याहून चांगली निघते असं नाही म्हणणार, पण याहून वाईटही निघत नाही. यजमानांना सांगा, बारा गाड्या छापील किमतीत सगळ्या आधीच विकल्या गेल्या.

पुढच्या अंकात डिझेल पंप. ज्यांनी पंपाचा मॉडेल नंबर न लिहिता पत्र पाठवलंय त्यांनी परत पाठवा.